घरामागच्या झाडीतलं हे लवदार पात्यांचं गवत कोणतं? (मिशिगन)

अनुजा_ह्यूरन
मंडळी, ओळखायला मदत हवी आहे. ॲन आर्बरच्या थोडं बाहेर, ह्यूरन नदीला मिळणाऱ्या एका ओढ्याजवळ आमचं घर आहे. मागच्या उतारावर जुनी झाडी आहे. शुगर मेपल, बासवुड, थोडे ओक आणि बरेचसे वाळून नुसते उभे राहिलेले ॲश. आता एप्रिल संपत आलाय आणि त्या झाडांखालच्या पाचोळ्यातून एका गवताचे ठोंब वर आलेत. पाती मऊ, पोपटी, रुंदीला अर्धा सेंटिमीटर असतील. हात फिरवला की मखमल लागते. तिरप्या उन्हात पात्याच्या दोन्ही बाजूंची लव स्पष्ट दिसते. बुडाशी रंग लालसर जांभळा.

बागकामाला येणारा माणूस म्हणतो की सगळं फवारून मारू आणि वर लाकडाचा भुस्सा पसरू. माझं मन तयार नाही. हे नक्की काय आहे? आणि इथलं मूळचं आहे की बाहेरून आलेलं? बाहेरचं असेल तर काढायला माझी हरकत नाही. इथलंच असेल तर एक ठोंबही हलू देणार नाही. फोटो जोडलेत.

निखिल_ट्रॉय
आमच्या सोसायटीत गवत ठरलेल्या उंचीच्या वर गेलं की पत्र येतं. आधी तुमच्या गावाचा नियम बघा, नावगाव नंतर शोधता येईल.

चिमणराव७२
फोटो छान. गवत ते गवत. फवारा आणि मोकळे व्हा.

माळरान
चिमणराव, हे गवत नाहीच. अनुजाताई, एक ठोंब निवडा आणि मधला फुलाचा दांडा दोन बोटांत धरून फिरवा. तीन कडा लागल्या तर ते लव्हाळ्याच्या कुळातलं. गवताचा दांडा गोल आणि पोकळ, त्यावर पेरं असतात. इथे दांडा भरीव आणि तिकोनी असतो, पाती तीन दिशांना निघतात आणि पात्याच्या बुडाचं आवरण दांड्याभोवती पूर्ण मिटलेलं असतं. आपल्याकडे शेतात त्रास देणारा नागरमोथा याच कुळातला.

मी कोल्हापुरात वनस्पतिशास्त्र शिकवत असे. आता वर्षातले काही महिने लेकीकडे ओहायोत असतो. फोटोवरून मला हे कॅरेक्स, म्हणजे याच कुळातल्या एका मोठ्या गटातलं वाटतंय. बुडाचा जांभळा रंग आणि दोन्ही बाजूंची लव पाहून एक नाव मनात आलंय, पण फळ पाहिल्याशिवाय ते सांगणार नाही.

अनुजा_ह्यूरन
काका, आत्ताच जाऊन पाहिलं. तीन कडा आहेत! दांड्यावरसुद्धा बारीक लव आहे.

राधिका_मॅडिसन
माझ्या फोनमधल्या ॲपने तुमच्या फोटोला आधी 'लुझुला' सांगितलं, दुसऱ्या फोटोला 'कॅरेक्स पेन्सिल्वॅनिका'. एकाच झाडाची दोन उत्तरं!

माळरान
राधिका, दोन्ही बाद करता येतात. लुझुलाच्या पात्यांना लव नसते, कडेला लांब पांढरे, विरळ केस असतात. शिवाय त्याचं फळ म्हणजे छोटी बोंडी, आत तीन बिया. पेन्सिल्वॅनिकाची पाती अरुंद आणि हाताला लव लागत नाही. तो जमिनीखालून धावत पसरतो आणि मोठा गालिचा करतो. अनुजाताईंचे ठोंब सुटे आहेत. ॲपला चित्र दिसतं, त्याला पान चाचपता येत नाही. जगात कॅरेक्सच्या २००० च्या आसपास जाती आहेत, त्यातल्या ४८० उत्तर अमेरिकेत. नुसत्या पानांवरून ओळखायला जाल तर कुठेही पोचाल.

कोकणकडा
बापरे, ४८०? आणि महाराष्ट्रात किती?

माळरान
मोजक्याच. हा थंड प्रदेशात रमणारा गट आहे, हिमालयात भरपूर सापडतो. सह्याद्रीत आपल्याला लव्हाळ्याच्या कुळातलं जे दिसतं ते बहुतेक सायपेरस आणि फिम्ब्रिस्टायलिस. कास पठारावर फुलांचे फोटो काढताना लोक ज्यांच्यावर गुडघे टेकतात त्यांतली कितीतरी यांचीच भावंडं. कॅरेक्स वेगळा ओळखायची खूण एकच, पण पक्की. त्याचं फळ एका छोट्या बंद पिशवीत असतं. पिशवीला वर चोच असते आणि चोचीतून फुलाचे धागे बाहेर आलेले असतात. नागरमोथ्याला ही पिशवी नसते.

हर्षल_व्हिएन्ना
अनुजा, मला हे ओळखीचं वाटतंय! व्हिएन्नाच्या जंगलात, वीनरवाल्डमध्ये, बीच आणि हॉर्नबीमच्या झाडांखाली केसाळ पात्यांचं कॅरेक्स मैलोगणती पसरलेलं असतं. त्याचं नाव कॅरेक्स पिलोसा. तुमचं पण तेच असणार. तसं असेल तर ते युरोपातून आलेलं, म्हणजे काढायला हरकत नाही.

माळरान
हर्षल, जंगलाची जात सारखी आहे म्हणून घोटाळा होतो. पिलोसाची लव मुख्यतः पात्याच्या कडेला, फळाची पिशवी गुळगुळीत आणि कणसात फळं विरळ. तो जमिनीखालच्या धाग्यांनी पसरून अख्खी जमीन झाकतो. दाट सावलीत फुलतोही कमी. मध्य युरोपापासून उरलपर्यंतच्या ओक-हॉर्नबीमच्या रानात तो इतका ठरलेला आहे की तिथल्या वनांच्या प्रकारांना त्याचं नाव लावतात. मिशिगनच्या ओढ्याकाठी सुट्या ठोंबांत वाढणारा हा तो नव्हे.

हर्षल_व्हिएन्ना
सुट्या ठोंबांचा मुद्दा पटला. आमच्याकडे दोन रोपं वेगळी काढून दाखवता येत नाहीत इतकं ते एकमेकांत गुंतलेलं असतं. तरी अनुजा, फळाचा फोटो येईपर्यंत मी दावा सोडत नाही.

पूर्वा_ओंटारियो
आमच्याकडे रस्त्याच्या कडेला, वाळूच्या ओलसर जागी एक केसाळ कॅरेक्स आहे, त्याचं नाव कॅरेक्स हिर्टा. तो नक्की युरोपातून आलेला आहे. अनुजाचा तो असेल का?

माळरान
चांगला प्रश्न. हिर्टाला उघडी जागा लागते, कुरण, रस्ता, रेल्वेची कड. त्याची फळं मोठी, ५ ते ८ मिमी, लांब दुहेरी दाताच्या चोचीची. जुन्या मेपलच्या सावलीत, पाचोळ्यात, ट्रिलियमसारख्या रानफुलांच्या शेजारी तो येत नाही. अनुजाताई, आजूबाजूला आणखी काय उगवतं ते सांगाल? कोणाच्या शेजारी राहतं यावरून अर्धी ओळख पटते.

अनुजा_ह्यूरन
यादी देते. पांढरं ट्रिलियम, ब्लडरूट, जमिनीलगत पानं पसरणारं रानआलं, डचमन्स ब्रीचेस. ओढ्याकडे रानलसणीचा एक पट्टा आहे. आणि हो, लसणाच्या वासाचं एक रोपटं सगळीकडे माजलंय, पांढऱ्या चार पाकळ्यांचं.

राधिका_मॅडिसन
ते शेवटचं गार्लिक मस्टर्ड! त्याला आधी काढ. ते युरोपातून आलेलं, १८६८ साली न्यू यॉर्कच्या लाँग आयलंडवर पहिली नोंद झाली. पहिल्या वर्षी नुसती पानं, दुसऱ्या वर्षी फूल आणि मग हजारो बिया. फुलावर असताना मुळासकट उपटायचं आणि पिशवीत बांधून टाकायचं, तिथेच ठेवलं तर उपटलेलं रोपही बी धरतं.

सुगरण_सुमन
उपटलेल्या कोवळ्या पानांची चटणी करा. दाण्याचं कूट, हिरवी मिरची, मीठ, लिंबू. लसूण घालायची गरज नाही. पानं जून झाली की कडू होतात. आमच्याकडे ज्वारीच्या भाकरीबरोबर संपते.

कोकणकडा
सुमनताई, मिशिगनचं तण आणि सोलापूरची भाकरी, क्या बात! कृती वेगळ्या धाग्यावर टाका ना.

चिमणराव७२
मला एक कळत नाही. एक हिरवं झाड उपटा म्हणता, दुसरं हिरवं झाड वाचवा म्हणता. दोन्ही आपणहून आलेली. फरक काय?

देवराई
चिमणराव, फरक नात्याचा आहे. इथली रानफुलं, कीटक, बुरशी, माती हे सगळं हिमयुग संपल्यापासून एकमेकांबरोबर घडत आलंय. ही केसाळ पाती बहुधा त्याच मंडळींतली. गार्लिक मस्टर्ड नंतर आलं आणि त्याच्या मुळांतून सुटणारी रसायनं मातीतल्या त्या बुरशीला मारतात, जिच्यावर मेपलची रोपं जगतात. एक इथल्या घरात राहणारं, दुसरं घर मोडणारं.

मी मुळशीजवळच्या एका देवराईत वर्षानुवर्षं जातोय. तिथेही हेच बघतो. वरच्या मोठ्या झाडांना सगळे नमस्कार करतात आणि खालचं "साफ" करतात. सिमेंटचा चौथरा, फरशी. मग दहा-पंधरा वर्षांनी विचारतात, नवी झाडं का येत नाहीत? जमिनीलगतचा हिरवा थर गेला की पावसाचं पाणी थांबत नाही, बी रुजत नाही. अनुजा, भुस्सा पसरायला नाही म्हण.

निखिल_ट्रॉय
देवराई, भावना कळली, पण फवारणीऐवजी निदान गांडूळखत टाकून जमीन सुधारता येईल ना? ओसाड दिसतेय फोटोत जमीन.

राधिका_मॅडिसन
निखिल, नको!!! इथे गांडूळ आणू नका. ऐकायला विचित्र वाटेल, कारण आपण सगळे "गांडूळ शेतकऱ्याचा मित्र" शिकलोय आणि आपल्या शेतात ते खरंही आहे. पण मिशिगन, विस्कॉन्सिनचा हा भाग हिमनद्यांखाली होता. बर्फ गेल्यावर इथल्या रानात गांडुळं उरलीच नव्हती. आज जी दिसतात ती युरोपातून माती, रोपं आणि मासेमारीच्या आमिषाबरोबर आलेली. इथलं रान पाचोळ्याच्या जाड, सावकाश कुजणाऱ्या थरावर उभं आहे. ट्रिलियम आणि मेपलची पोरं त्या थरातच रुजतात. गांडुळं तो थर खाऊन टाकतात, खाली उघडी माती राहते. अनुजाच्या फोटोत जमीन ओसाड दिसते ती बहुधा यामुळे.

त्यात आता उड्या मारणारी गांडुळं आलीत, पूर्व आशियातून. आमच्या मॅडिसनच्या विद्यापीठाच्या आर्बोरेटममध्ये, म्हणजे वृक्षोद्यानात, २०१३ मध्ये ती सापडली. वरची माती वाटलेल्या कॉफीच्या चोथ्यासारखी सुटी होते. म्हणून बाहेरचं खत, भुस्सा, दुसऱ्याच्या बागेतली रोपं, काहीही आणताना आम्ही दहादा बघतो.

चिमणराव७२
गांडूळ शत्रू! हे आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. वाचतोय, पुढे लिहा.

पूर्वा_ओंटारियो
राधिकाला +१. आणि हरणं विसरू नका. हरणं ट्रिलियम आवडीने खातात, कॅरेक्सला फारसं तोंड लावत नाहीत. त्यामुळे हरणं जास्त झालेल्या रानात फुलं जाऊन नुसती कॅरेक्सची पाती उरतात. अनुजाकडे दोन्ही आहेत, म्हणजे रान अजून बरं आहे.

कोकणकडा
अवांतर: ॲन आर्बर म्हटलं की मला वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्मल आठवतात. तिथल्याच मिशिगन विद्यापीठातून त्यांनी १९३१ मध्ये डॉक्टरेट मिळवली आणि पुढे कोइमतूरला उसावर काम केलं. ऊस तर खरं गवत!

माळरान
अवांतर नाही ते, नेमकं आहे. त्याच विद्यापीठाचा वनस्पतिसंग्रह कॅरेक्सच्या अभ्यासासाठी नावाजलेला आहे, अँटन रेझ्निचेक यांनी त्यावर आयुष्य घातलं. आणि भारताच्या लव्हाळ्यांवर सी. बी. क्लार्क या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञाने हूकरच्या 'फ्लोरा ऑफ ब्रिटिश इंडिया'मध्ये लिहून ठेवलंय, तिथूनच आम्हाला सुरुवात करावी लागे. सुकवलेल्या नमुन्यावरची जागेची चिठ्ठी नीट वाचा, असं मी विद्यार्थ्यांना सांगायचो. "ओढ्याकाठी, चुनखडीवर, मेपलखाली" एवढ्या चार शब्दांवर ओळख तरते किंवा बुडते.

अनुजाताई, मेअखेर ते जूनचा पहिला आठवडा, फळं भरली की भिंग घेऊन बसा. पाहायच्या गोष्टी सांगतो. सगळ्यात वरचं कणीस पूर्ण नराचं आहे का, की खाली नर आणि वर मादी असं मिश्र आहे? पिशवीवर लव आहे का? चोच आहे का, तिला टोकाशी दोन दात आहेत का? लांबी मोजा. एवढं झालं की भांडण मिटेल.

राधिका_मॅडिसन
आणि बसताना पायमोजे पँटवर ओढून घे. मे-जूनमध्ये गोचिडी फार. लाइमचा आजार इकडे थट्टेचा विषय नाही. तीन पानांच्या पॉयझन आयव्हीवर हात टेकू नकोस.

सागर_न्यूजर्सी
उशिरा आलो. मला हा कॅरेक्स स्वानीआय वाटतो. आमच्या इथल्या ओकच्या रानात खूप आहे, पाती केसाळ, फळंही केसाळ.

माळरान
सागर, स्वानीआय हाच खरा प्रतिस्पर्धी आहे. म्हणून तर टोकाचं कणीस बघायला सांगितलं. स्वानीआयचं टोकाचं कणीस मिश्र असतं, बुडाशी नर आणि वर मादी. फळं २ मिमीच्या आसपास, चोच जवळजवळ नसतेच. तो कोरड्या, आम्लधर्मी जमिनीतल्या ओकखाली सुखी असतो. अनुजाताईंचा उतार ओलसर आहे आणि दक्षिण मिशिगनची हिमनद्यांनी आणलेली माती चुनखडीच्या खड्यांनी भरलेली आहे. जागा त्याच्या बाजूने बोलत नाही. पण निकाल फळ देईल.

अनुजा_ह्यूरन
(जून)
फळांचे फोटो आणलेत. भिंगातून मोबाइलने काढलेत, सांभाळून घ्या.

टोकाचं कणीस एकटं, सडपातळ, पूर्ण नराचं. त्याच्या खाली मादीची तीन कणसं, एक ते दोन सेंटिमीटर लांब, बरीच वरच्या बाजूला. पिशव्या साधारण ४ मिमी, तीन बाजू असलेल्या, वर एकदम निमुळत्या होऊन चोच, चोचीला दोन बारीक दात. आणि प्रत्येक पिशवीवर आखूड लव! पान, दांडा, फळ, सगळं लवदार.

माळरान
आता सांगतो. कॅरेक्स हिर्टिफोलिया. इंग्रजीत त्याला प्यूबेसंट सेज म्हणतात. टोकाचं कणीस शुद्ध नराचं, त्यामुळे स्वानीआय गेला. पिशवी लवदार, म्हणून पिलोसा गेला. आकार लहान आणि जागा सावलीची, म्हणून हिर्टा गेला. पाती दोन्ही बाजूंनी लवदार, त्यामुळे पेन्सिल्वॅनिकाही गेला. हे नाव केनेथ मॅकेन्झी यांनी दिलं. ते पेशाने वकील होते आणि कॅरेक्सवरचे मोठे जाणकार.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: शंभर टक्के इथलंच. पूर्व कॅनडापासून मिनेसोटापर्यंत, खाली मिसुरी-केंटकीपर्यंत याचं घर. सुपीक, ओलसर, पानगळीची जुनी रानं, चुनखडीची किंवा उदासीन माती, नदीकाठचे उतार आणि गाळाच्या सपाट पट्ट्या. तुमच्या यादीतली ट्रिलियम, ब्लडरूट, रानआलं ही त्याची नेहमीची शेजारमंडळी. नांगर फिरलेल्या किंवा गुरं चरून गेलेल्या जमिनीवर ही सगळी एकत्र सहजासहजी परत येत नाहीत. ती आहेत याचा अर्थ तुमच्या उतारावर कुणी फार ढवळाढवळ केलेली नाही.

सागर_न्यूजर्सी
फोटो पाहिला. टोकाचं कणीस स्पष्ट आहे, हिर्टिफोलियाच.

हर्षल_व्हिएन्ना
दावा मागे. पण काका, दोन खंडांत वेगवेगळ्या दोन जातींनी सावलीतच लव का वाढवली असेल?

माळरान
हर्षल, हिर्टा तर उन्हातला आणि तरी केसाळ आहे. सावली हेच कारण धरलं तर तो बसत नाही. एकच कारण शोधायला मी धजणार नाही.

निखिल_ट्रॉय
मी गावाच्या नियमांचं म्हटलं होतं. आता उलट बाजूने सांगतो. बऱ्याच ठिकाणी गवताच्या उंचीचा नियम हिरवळीला असतो, झाडीला नाही. अनुजा, लिखित नियम मागवून घे आणि त्या उताराच्या कडेला एक नीट पायवाट ठेव. कडा नीटस दिसली की शेजारी तक्रार करत नाहीत, हे मी पाहिलंय.

अनुजा_ह्यूरन
निखिल, कल्पना आवडली. भुस्सा रद्द केला. वाळलेल्या ॲशच्या जागी आता ऊन येतंय, तिथे बकथॉर्न हे बाहेरून आलेलं झुडूप घुसेल अशी भीती आहे. तिथे हेच कॅरेक्स लावता येईल का?

राधिका_मॅडिसन
येईल, पण पूर्ण उन्हात नको. ॲश पोखरणारा तो हिरवा भुंगा २००२ मध्ये तुमच्याच डेट्रॉइट परिसरात पहिल्यांदा सापडला, त्यामुळे तुमच्याकडच्या रानात अशी भगदाडं जुनीच आहेत. बकथॉर्नची पोरं लहान असताना पावसानंतर हाताने उपटता येतात. मोठा झाला की बुंध्याशी कापून कापलेल्या जागी औषध लावावं लागतं, नाहीतर दुप्पट फुटतो. डेलावेअरच्या माउंट क्यूबा सेंटर या वनस्पती उद्यानाने २०१७ ते २०२१ मध्ये ७० प्रकारची कॅरेक्स लावून पाहिली, त्यात कॅरेक्स वुडीआय सगळ्यांत सरस ठरलं. उजेडाच्या भागात असं काही मिसळ, आणि उताराच्या सावलीत तुझं हिर्टिफोलिया राहू दे.

माळरान
बी गोळा करायचं तर कणसाला हलकं चिमटीत धरा. पिशव्या सहज हातात सुटल्या तर तयार. ओढाव्या लागल्या तर थांबा. अर्ध्याहून जास्त रानातच सोडा. घरात वाळवून ठेवू नका. ताजं बी कुंडीत मातीवर पेरून, वरून नुसती दाबून, बाहेर ठेवा आणि हिवाळा त्याच्यावरून जाऊ द्या. ठोंब विभागूनही लावता येतो, पण तो तुमच्याच उतारावरचा असावा.

पूर्वा_ओंटारियो
धागा वर काढतेय. हे सगळं वाचून मीही भिंग घेऊन बाहेर पडले. हॅमिल्टनजवळ, ओकच्या विरळ झाडीत, जुन्या कुरणाच्या कडेला केसाळ पात्यांचं एक कॅरेक्स मिळालं. टोकाच्या कणसात बुडाशी नर, वर मादी. पिशव्या हिरव्या, पूर्ण गुळगुळीत, चोच नाही. हिर्टिफोलिया नाही हे कळलं. मग काय?

अनुजा_ह्यूरन
काका उत्तर देतीलच, पण मी प्रयत्न करते. टोकाचं कणीस मिश्र, म्हणजे हिर्टिफोलिया नाही. फळाला लव नाही, म्हणजे स्वानीआयही नाही. उरतो कॅरेक्स हिर्सुटेला. जागाही जुळते, कोरडी विरळ झाडी, जुनं कुरण. तो दक्षिण ओंटारियोत मूळचाच आहे.

माळरान
हिर्सुटेलाच. पूर्वा, जागेची चिठ्ठी लिहून ठेवा.